जनुकांची कळ: दम्याच्या दाहाचा मागोवा

दम्याच्या रुग्णाला दवाखान्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, हा पहिला. आणि धूळ, थंडी, ढगाळ हवा यांपैकी कशाने तो बळावतो, हा दुसरा. पहिल्याचा रोख वारशाकडे असतो, दुसऱ्याचा भोवतालच्या हवेकडे. वैद्य या दोन्ही दिशांना फार पूर्वीपासून पाहत आले, पण या दोन वाटा एकमेकींना नेमक्या कुठे मिळतात ते त्यांना दिसत नव्हते. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकांचे अस्तर सुजते, त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशींची गर्दी होते, चिकट कफ साचतो आणि नळ्यांभोवतीचे स्नायू क्षुल्लक निमित्ताने आवळले जातात. या दाहामागे काही मोजकी जनुके नको तेव्हा आणि नको तितकी जागी झालेली असतात, असे आज आपण म्हणतो. बहुतेक रुग्णांत ही जनुके स्वतः धडधाकट असतात. ती कधी चालू व्हावीत आणि कधी बंद राहावीत याची व्यवस्था तेवढी बदललेली असते. वारसा आणि हवा यांची गाठ पडते ती याच व्यवस्थेत. एवढे म्हणता येण्यासाठी वैद्यकाला पुष्कळ वळणे घ्यावी लागली, आणि त्यांतली काही वळणे दम्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांनी आखलेली आहेत.

आपल्याकडच्या वाटेचे पहिले ठळक ठाणे म्हणजे चरकसंहिता. तिच्या चिकित्सास्थानातला सतरावा अध्याय हिक्का आणि श्वास या रोगांना वाहिलेला आहे. श्वासाचे पाच प्रकार तिथे सांगितले आहेत आणि त्यांतल्या तमकश्वासाचे वर्णन आजच्या कोणत्याही छातीच्या डॉक्टरला ओळखीचे वाटेल. रुग्णाला आडवे होववत नाही, उठून बसले की बरे वाटते, घशात घरघर चालते, कफ सुटला की घटकाभर आराम पडतो. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेकडचा वारा यांनी त्रास वाढतो. कारणांच्या यादीत धूळ आणि धूर आहेत. रोग नवा असेल तर बरा होण्याजोगा, एरवी याप्य, म्हणजे आटोक्यात ठेवायचा, असा निवाडाही चरकाने देऊन ठेवला आहे. तिकडे इ. स. ११९०च्या सुमारास कैरोत मैमोनिडीस या वैद्याने राजघराण्यातल्या एका रुग्णासाठी दम्यावर अरबी भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात शहराच्या कोंदट हवेला दोष दिला. १६९८ मध्ये इंग्लंडात लिचफिल्डच्या सर जॉन फ्लॉयर यांचा दम्यावरचा ग्रंथ आला. फ्लॉयर स्वतः दमेकरी होते, आणि श्वासनलिका आवळल्या जातात म्हणून धाप लागते, असे त्यांचे म्हणणे होते. या आवळण्याच्या कल्पनेने पुढची दोनशेहून अधिक वर्षे वैद्यकावर राज्य केले.

त्या राजवटीचा सर्वांत लाघवी प्रतिनिधी म्हणजे लंडनचा हेन्री हाइड सॉल्टर. त्याचा ग्रंथ १८६० चा. त्यालाही दमा होता. मांजर जवळ आले की आपल्याला धाप लागते, हे त्याने बारकाईने नोंदवून ठेवले आणि दमा घराण्यात उतरतो हेही लिहिले. म्हणजे आपले दोन्ही प्रश्न त्याच्यापुढे होते. उत्तर मात्र त्याने नसांच्या अस्थिरतेत शोधले. त्याच्या उपचारांतला एक आपण लक्षात ठेवू, कारण या कथेत तो फार पुढे पुन्हा उगवणार आहे. दम्याची उबळ आली की उपाशीपोटी, दूध-साखर न घालता, अगदी कडक कॉफी प्यावी, असा सॉल्टरचा सल्ला होता. रुग्णांना त्याने आराम पडे. का पडे, ते सांगण्याजोगी रसायनविद्या तेव्हा नव्हती.

ती विद्या ज्यांच्या हातून घडली त्यांच्यात आल्ब्रेख्त कोसेल हे नाव फार वरचे आहे, आणि दम्याच्या इतिहासात ते जवळपास कुणीच घेत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. कोसेलचे काम पेशीच्या केंद्रकातल्या द्रव्यांवर होते. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या पेशींत असते. म्हणून केंद्रक हवे असेल तर पक्ष्याचे रक्त हा सोपा मार्ग. १८८४ मध्ये त्याने गूस पक्ष्याच्या रक्तपेशींतून केंद्रके वेगळी काढली, ती विरल आम्लात घोळवली आणि त्यातून एक अल्कधर्मी प्रथिन हाती लागले. त्याला त्याने हिस्टोन असे नाव दिले. चारच वर्षांनी, १८८८ मध्ये, बर्लिनमध्ये चहाच्या पानांच्या अर्काची चिकित्सा करताना त्याला कॉफीतल्या कॅफीनचे एक भावंड सापडले: थिओफायलिन. एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत, चार वर्षांच्या अंतराने, दोन पदार्थ दोन वेगळ्या बाटल्यांत जाऊन बसले. १९१० मध्ये कोसेलला नोबेल पारितोषिक मिळाले. हिस्टोन आणि थिओफायलिन यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे त्याच्या किंवा कुणाच्याच मनात येण्याचे कारण नव्हते. चहातले हे द्रव्य १९२२ मध्ये जर्मनीत सॅम्सन हिर्श यांनी दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि तिथून ते जगभरच्या दवाखान्यांत शिरले. हिस्टोन मात्र कितीतरी वर्षे केंद्रकातला निव्वळ बांधणीचा माल म्हणून पडून राहिले.

आता थोडे मागे येऊन कफाकडे वळू. दमेकऱ्याच्या कफात सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे, दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक दिसतात; १८५३ मध्ये शार्को आणि १८७२ मध्ये लायडेन यांनी त्यांची वर्णने केली आणि दोघांचीही नावे त्यांना चिकटली. १८७९ मध्ये पाउल एर्लिख या तरुणाने इओसिन हा लालसर रंग रक्तपेशींवर वापरला, तेव्हा काही पेशींतले कण तो रंग अधाशासारखा शोषून घेताना दिसले. त्याच या इओसिनोफिल पेशी. ते स्फटिक याच पेशींतल्या एका प्रथिनाचे असतात, हे पुष्कळ पुढे कळले. १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात दम्याच्या काही रुग्णांत बारीक श्वासनलिकांचा विशेष प्रकारचा दाह असतो, असे स्पष्ट लिहून ठेवले. वाक्य छापले गेले, पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, आणि तरीही पुढची ऐंशी-नव्वद वर्षे डॉक्टरांनी उपचार केले ते आवळणाऱ्या स्नायूंवर. सूज दिसत होती. तिच्याकडे पाहायला कुणी तयार नव्हते.

या मधल्या काळात ॲलर्जीची कल्पना जन्मली. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या बदललेल्या प्रतिसादाला हे नाव दिले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कूक आणि व्हँडर वीर यांनी वावड्यांची प्रवृत्ती कुटुंबांतून उतरते हे वंशावळींतून दाखवले. त्यानंतर १९२१ चा एक प्रयोग आला, तो आपण जवळून पाहू. ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला मासळीचे वावडे होते. खाल्ली की अंगावर गांधी उठत. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ मासळी सुखाने पचवी. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातला पातळ द्रव थेंबभर घेऊन स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेवढीच जागा लाल होऊन टरारून सुजली. एकाचे वावडे दुसऱ्याच्या कातडीत उतरले होते. रक्तात काहीतरी आहे हे सिद्ध झाले; ते काय आहे हे कळायला पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ मध्ये डेन्व्हरमधले इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधल्या उप्साला इथले योहानसन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे ते प्रतिपिंड ओळखले आणि १९६८ मध्ये त्याचे आयजीई असे नामकरण झाले. परागकण, धुळीतले सूक्ष्म किडे, मांजराच्या अंगावरचा कोंडा यांना ओळखणारे, नाकात आणि छातीत वादळ उठवणारे हे प्रतिपिंड. प्रश्न सुटला असे तेव्हा अनेकांना वाटले. पण एक जण आयजीई भरमसाट का बनवतो आणि शेजारचा का नाही, हे जिथल्या तिथेच राहिले.

त्याचे उत्तर भलत्याच ठिकाणी तयार होत होते. १९५० मध्ये एडिनबरात एडगर आणि एलन स्टेडमन या दांपत्याने असे सुचवले की, हिस्टोन ही प्रथिने जनुकांना दाबून ठेवत असावीत आणि म्हणूनच एकाच शरीरातल्या यकृताची पेशी मेंदूच्या पेशीहून वेगळी राहत असावी. ही सूचना त्या वेळी फारशी कुणी मनावर घेतली नाही. १९६१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी आतड्यातल्या जिवाणूवर काम करून दाखवले की, दुधातली साखर नसेल तेव्हा ती पचवणाऱ्या जनुकांवर एक अवरोधक प्रथिन बसून राहते आणि साखर आली की ते उठून जाते. जनुकांना कळ असते आणि ती बाहेरच्या जगातल्या वस्तूने फिरते, हा विचार इथे प्रथम प्रयोगाने पक्का झाला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हिस्टोनवर ॲसिटिल गट चिकटले की जनुकांचे वाचन वाढत असल्याचे दिसले. रिळाला दोरा गुंडाळावा तसा डीएनए हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो. १९९७ मध्ये त्याची बारीक रचना उलगडली तेव्हा आठ हिस्टोनांच्या एका गाभ्याभोवती सुमारे १४७ अक्षरजोड्यांचा वेढा दिसला. ॲसिटिल गट चढले की वेढा सैल होतो आणि जनुक वाचता येते; उतरले की घट्ट होतो आणि ते मिटते. चढवणारी आणि उतरवणारी विकरे १९९६ मध्ये ओळखली गेली. कोसेलच्या बाटलीतला बांधणीचा माल हा खरे तर जनुकांचा पहारेकरी निघाला.

दरम्यान उपचारांनी स्वतःची वाट काढली होती, तीही ज्ञानाच्या पुढे धावत. १९०० मध्येच फिलाडेल्फियात सॉलोमन सोलिस-कोहेन यांनी अधिवृक्क ग्रंथींच्या भुकटीच्या गोळ्या दम्यावर दिल्या होत्या; त्यांचे नाव आज संदर्भग्रंथांच्या तळटिपांत उरले आहे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि लवकरच ते दम्यावरही वापरले जाऊ लागले. गुण विलक्षण येई, पण चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, मुलांची वाढ खुंटणे ही किंमत मोजावी लागे. १९७२ मध्ये इंग्लंडात बेक्लोमेथासोन फवाऱ्याने थेट छातीत देण्याची चाचणी प्रसिद्ध झाली आणि आपल्याकडे ज्याला सगळे नुसते पंप म्हणतात त्याचे युग सुरू झाले. ऐंशीच्या दशकात दुर्बिणीने श्वासनलिकांच्या अस्तराचे तुकडे काढून पाहिले, तेव्हा सौम्य दम्याच्या रुग्णांतही अस्तर सोलवटलेले आणि पेशींनी भरलेले सापडले. ऑस्लरचे वाक्य शंभरीला टेकताना खरे ठरले. मग प्रश्न आला की, स्टिरॉइड ही सूज उतरवते तरी कशी? १९८५ मध्ये अमेरिकेत रॉन एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने स्टिरॉइडच्या ग्राहक प्रथिनाचे जनुक वेगळे केले आणि हे प्रथिन स्टिरॉइड बिलगताच केंद्रकात शिरून जनुकांवर काम करते, हे रेणूंच्या पातळीवर तपासता येऊ लागले. पुढच्याच वर्षी रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कॅपा-बी हे नियामक प्रथिन शोधले. दाहाची कितीतरी जनुके पेटवणारा हा घटक निघाला. म्हणजे आयाबाया मुलांना पंप देत होत्या तेव्हा त्या नकळत जनुकांच्या कळीच फिरवत होत्या, आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हते.

कोणत्या जनुकांच्या कळी, हे कळायला १९८६ साल उजाडले होते. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या मदतनीस टी-पेशींचे दोन स्वभाव वेगळे केले. पहिल्या स्वभावाच्या पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात. दुसऱ्या स्वभावाच्या, म्हणजे टीएच-२ पेशी, आयएल-४ आणि तिच्या जातीचे संदेश सोडतात. १९९२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी ॲलर्जीच्या दमेकऱ्यांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेल्या द्रवात टीएच-२ स्वभावाच्याच पेशी दाखवल्या. या संदेशांची वाटणी पाहण्यासारखी आहे: आयएल-४ प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींना आयजीईकडे वळवते, आयएल-५ इओसिनोफिल वाढवते आणि जगवते, आयएल-१३ कफ वाढवते आणि श्वासनलिकांना हळवे करते. आणि या तिघींची जनुके माणसाच्या पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर एकमेकींच्या शेजारी राहतात. १९९४ मध्ये डेव्हिड मार्श यांच्या गटाने अमेरिकेतल्या ११ आमिश कुटुंबांतल्या १७० माणसांच्या अभ्यासातून रक्तातल्या आयजीईच्या पातळीचा धागा नेमका याच जागेशी जोडला. आमिश लोक आपल्याला आणखी एकदा भेटतील.

तीन जनुके शेजारी असतील तर त्यांची मुख्य कळही एक असेल का? इथे कथेत दुसऱ्यांदा पक्ष्याचे रक्त येते. कोंबडीच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिनची जनुके कोण चालू करते, याचा शोध घेताना १९८० च्या दशकाच्या अखेरीस डीएनएवरच्या जी-ए-टी-ए या अक्षरक्रमाला धरणारी नियामक प्रथिने सापडली. त्याच कुळातले तिसरे, गाटा-३, टी-पेशींत मुबलक आढळले. १९९७ मध्ये येल विद्यापीठात झेंग आणि फ्लॅव्हेल यांनी दाखवले की, टी-पेशीला टीएच-२ बनवायला गाटा-३ आवश्यक आहे आणि पुरेसेही आहे. त्याच वर्षी अनुराधा रे यांच्या गटाने आयएल-५ च्या जनुकावर त्याचीच पकड दाखवली, आणि १९९९ मध्ये उंदरांत गाटा-३ ला निकामी करून ॲलर्जीचा श्वासनलिकादाह थोपवता येतो हेही सिद्ध केले. १९९८ मध्ये भारतातून हार्वर्डला गेलेल्या अंजना राव आणि त्यांचे सहकारी सुनीत अगरवाल यांनी या जागेचे अंतरंग उघडून पाहिले. अननुभवी टी-पेशीत आयएल-४ चा परिसर घट्ट मिटलेला असतो. पेशी टीएच-२ वळणावर गेली की तिथला वेढा जागोजाग सैल होतो, आणि मूळ चिथावणी सरल्यावरही तो भाग उघडाच राहतो. मला हा या सबंध मागोव्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. परागकणांचा हंगाम सरतो, पण त्या हंगामात उघडलेली जागा पेशीच्या लेकी-नातींतही उघडी राहते. दमा वर्षानुवर्षे का टिकतो, याचे उत्तर इथे आकार घेऊ लागले. विरुद्ध बाजूची कळही लवकरच हाती आली. २००० मध्ये लॉरी ग्लिमशर यांच्या प्रयोगशाळेने टी-बेट हे नियामक शोधले, आणि २००२ मध्ये असे दिसले की, टी-बेट नसलेल्या उंदरांच्या श्वासनलिका काही न हुंगताही दम्यासारख्या होतात.

आणि आता सॉल्टरची कॉफी. २००० च्या सुमारास लंडनच्या ब्रॉम्प्टन इथल्या कझुहिरो इतो, इयन ॲडकॉक आणि पीटर बार्न्स यांनी दाखवले की, स्टिरॉइडचे ग्राहक प्रथिन दाहाच्या जनुकांपाशी एचडॅक-२ या विकराला बोलावून आणते; ते हिस्टोनांवरचे ॲसिटिल गट उतरवते, वेढा आवळतो आणि जनुक मिटते. २००२ मध्ये त्याच गटाचा पुढचा शोधनिबंध आला: थिओफायलिन, अगदी कमी मात्रेतसुद्धा, हिस्टोनांवरचे गट उतरवणाऱ्या याच कामाला जोर देते. कोसेलच्या दोन बाटल्या एकशे चौदा वर्षांनी एकाच टेबलावर आल्या! महाराष्ट्रात डेरिफायलिनची गोळी माहीत नसलेले दमेकऱ्याचे घर विरळा. तिच्यात थिओफायलिन असते. मात्र या शोधावर उभी राहिलेली आशा पुरी फळली नाही. धूम्रपानाने होणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात स्टिरॉइडच्या जोडीला कमी मात्रेचे थिओफायलिन देऊन ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचा निष्कर्ष आला तो लाभ नसल्याचा. प्रयोगशाळेतला दुवा खरा असूनही रुग्णाच्या छातीत तो कमी पडू शकतो, हे या क्षेत्राने अनेकदा पाहिले आहे.

वारशाच्या वाटेवर वेगळाच अनुभव येत होता. १९८९ पासून दम्याचे जनुक सापडल्याच्या वार्ता येत आणि पुढच्या अभ्यासात विरून जात. २००७ मध्ये मिरियम मॉफट आणि विल्यम कुकसन यांच्या गटाने ९९४ दमेकरी आणि १,२४३ निरोगी व्यक्तींचे सबंध जनुकसंच चाळले, तेव्हा बालपणीच्या दम्याचा सर्वांत ठळक दुवा सतराव्या गुणसूत्रावर दिसला. तिथली वेगळी अक्षरे कोणत्याही प्रथिनाचा साचा बिघडवत नव्हती. ओआरएमडीएल-३ या शेजारच्या जनुकाचे वाचन किती व्हावे, तेवढे ती बदलत होती. २०१० मध्ये १०,३६५ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासाने हा दुवा पक्का केला, त्याच्या जोडीला आयएल-३३ आणि तिचे ग्राहक आणले, आणि एक धक्काही दिला: रक्तातले आयजीई वाढवणाऱ्या जागा आणि दमा जडवणाऱ्या जागा बहुतांशी वेगळ्या निघाल्या. आयजीईचे वर्चस्व तिथे ओसरले आणि लक्ष श्वासनलिकेच्या अस्तराकडे वळले. ते अस्तर धूळ किंवा विषाणू लागताच टीएसएलपी आणि आयएल-३३ असे धोक्याचे संदेश सोडते आणि आतल्या पेशींची टीएच-२ जनुके जागी करते, हे २००२ नंतरच्या दशकात उलगडले. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे पांडुरंगन विजयानंद यांच्या गटाने दमेकऱ्यांच्या टी-पेशींतल्या हिस्टोनांवरच्या खुणा तपासल्या, तेव्हा दम्याशी जोडलेले कित्येक अक्षरबदल जनुकांच्या दूरस्थ कळींवरच पडलेले दिसले. दिल्लीतही याच सुमारास नियमनाचा आणखी एक थर तपासला जात होता: वाचल्या गेलेल्या जनुकाचा संदेश प्रथिन होण्याआधीच अडवणारे सूक्ष्म आरएनए. बलराम घोष आणि अनुराग अग्रवाल यांच्या गटाने २०११ मध्ये लेट-७ हा सूक्ष्म आरएनए आयएल-१३ ला लगाम घालतो आणि नाकावाटे दिल्यास उंदरांतला दाह कमी होतो, हे प्रसिद्ध केले.

राहिली हवेची वाट. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या १७,४१४ मुलांच्या नोंदींतून डेव्हिड स्ट्रॅकन यांनी दाखवले की, घरात थोरली भावंडे जितकी जास्त तितका परागज्वर कमी. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. म्युनिकच्या एरिका फॉन मुटियस पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग आणि हाले या धुराने काळवंडलेल्या शहरांत गेल्या. तिथे दमा अधिक असेल अशी अपेक्षा होती, आणि म्युनिकपेक्षा तो कमी निघाला. मग गोठे असलेल्या शेतघरांतल्या मुलांचे अभ्यास सुरू झाले. २०११ मध्ये मारबुर्गच्या संशोधकांनी गोठ्यातून वेगळा काढलेला एक जिवाणू गाभण उंदरिणींना हुंगवला. त्यांच्या पिलांना ॲलर्जीचा दमा जडेना, आणि पिलांच्या टी-पेशींत गॅमा इंटरफेरॉनच्या जनुकापाशी हिस्टोनांवरचे ॲसिटिल गट टिकून राहिलेले आढळले. आईने घेतलेला श्वास पिलाच्या हिस्टोनांवर उमटला होता. २०१५ मध्ये बेल्जियममधल्या घेंट इथे असे दिसले की, गोठ्याची धूळ अस्तराच्या पेशींत ए-२० नावाचा अवरोधक वाढवते. हा अवरोधक त्याच एनएफ-कॅपा-बीला आवर घालतो. २०१६ मध्ये आमिश पुन्हा आले. गायी-घोडे घराला लागून ठेवणारे आमिश आणि यंत्रांनी सामुदायिक शेती करणारे हटराइट हे दोन समाज वंशाने जवळचे. दमा आमिश मुलांत ५.२ टक्के, हटराइट मुलांत २१.३ टक्के. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या कवचातले विष जवळपास सातपट होते, आणि त्या मुलांच्या रक्तपेशींत ए-२० चे जनुक अधिक चालू होते.

एवढे कळल्यावर कळच थेट बंद करून पाहण्याचा मोह होणारच. मारबुर्गमधूनच आलेला एक डीएनएचा तुकडा गाटा-३ चा संदेश शोधून कापतो. २०१५ मध्ये ४० सौम्य दमेकऱ्यांवर त्याची चाचणी प्रसिद्ध झाली: २८ दिवस रोज १० मिलिग्रॅम हुंगल्यावर ॲलर्जीकारक दिला असता काही तासांनी येणारी उशिराची उबळ ३४ टक्क्यांनी कमी झाली. ते अजून औषध म्हणून बाजारात आलेले नाही. बाजारात आली ती संदेशांना वाटेत गाठणारी प्रतिपिंडे: २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले आयजीईवरचे ओमालिझुमॅब, २०१५ मध्ये आयएल-५ वरचे मेपोलिझुमॅब, २०१८ मध्ये दम्यासाठी मान्य झालेले, आयएल-४ आणि आयएल-१३ दोघींनाही दार बंद करणारे डुपिलुमॅब, २०२१ मध्ये टीएसएलपीवरचे टेझेपेलुमॅब. क्रम पाहिला तर वैद्यक रक्तातून हळूहळू अस्तराकडे, म्हणजे उगमाकडे सरकताना दिसते. आपल्याकडे या इंजेक्शनांची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि जिथे पंपच नियमित मिळत नाही तिथे त्यांच्याविषयी बोलणेही क्रूर वाटते. पण स्टिरॉइडचा पंप हा जनुकांच्या कळीवरचाच उपचार आहे, स्वस्त आहे आणि चाळीस-पन्नास वर्षे तपासलेला आहे. ‘पंपाची सवय लागते’ या धास्तीने तो मधेच बंद करणाऱ्या घरांत, सैल झालेला तो वेढा पुन्हा आवळला जायचा राहून जातो.

या वाटेचे सध्याचे टोक शोधायचे तर युरोपातल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासाचे २०१६ चे निष्कर्ष पाहावे लागतील. जन्मापासून मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या या अभ्यासात सतराव्या गुणसूत्रावरची तीच जागा तपासली. दम्याचा धोका वाढवणारी म्हणून जी अक्षरे २००७ पासून बदनाम होती, ती असलेल्या बाळांपैकी ज्यांचा पहिल्या वर्षात गोठ्यात वावर होता, त्यांच्या छातीत घरघर कमी झाली. गोठ्याचा हा लाभ मिळाला तो याच अक्षरांच्या मुलांना. आणि थोरल्या भावंडांमुळे, बहुधा त्यांनी घरात आणलेल्या सर्दीच्या विषाणूंमुळे, अधिक घरघर झाली तीही याच मुलांना. वारसा म्हणून त्यांना रोग मिळालेला नव्हता, हवेकडे अधिक कान देणारी कळ मिळाली होती. गोठ्यातला कोणता जिवाणू किंवा कोणते द्रव्य ती कळ कोणत्या पेशीत, आयुष्याच्या कोणत्या महिन्यात फिरवते, याचा शोध म्युनिक, घेंट आणि इतर ठिकाणच्या प्रयोगशाळांत सुरू आहे.